खंडेनवमीचा हार

लॉ कॉलेजात आम्हाला 'टॉर्ट' नावाचा एक विषय होता. दुसऱ्याच्या निष्काळजीपणानं तुमचं नुकसान झालं तर ते त्यानं भरून द्यायचं, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षेत मला त्यात बरे मार्क पडले होते, आणि भोरला वकिली सुरू केल्यावर पहिली सात वर्षं त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही. आमच्या भोर-वेल्ह्यात माणसं बांधावरून भांडत, हिरड्याच्या ठेक्यावरून भांडत, भागीदारी मोडली की एकमेकांच्या मालाचे ट्रक अडवत. ते सगळं माझ्याकडे यायचं आणि त्यावर माझं घर चालायचं. पण सुरुंगाचा दगड लागून बैल मेला, यंत्रात बोट गेलं, की हीच भांडखोर माणसं कपाळाला हात लावून घरी बसत. नशिबावर दावा लावता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यामुळे विंझरच्या रस्त्यावरच्या भातगिरणीत उजवा हात गमावलेली बाई एका सकाळी माझ्या ऑफिसात येऊन उभी राहिली, तेव्हा मी त्या विषयाच्या पुस्तकावरची धूळ खरोखरच फडक्यानं पुसली. साठचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट.

बाई पालीची होती, राजगडाच्या पायथ्याची. वय तिशीच्या आसपास. वेल्ह्याच्या एसटीनं नसरापूरला उतरून, तिथं दुसरी गाडी पकडून ती भोरला आली होती. हात कोपराच्या खाली नव्हता आणि तिनं तो पदराखाली झाकलेलाही नव्हता. बरोबर नवरा होता, तो बाहेर पायरीवर बसला आणि पुढची अडीच वर्षं तो प्रत्येक तारखेला येऊन तसाच बसला. भाताच्या आवणीला हिच्या तोडीची बाई आसपासच्या चार गावांत नव्हती, असं मला नंतर अनेकांनी सांगितलं. आवणीला दोन हात लागतात. एका हातात रोपांची मूठ, दुसऱ्यानं चिखलात लावायचं.

"वाटंत तीन वकिलांच्या पाट्या लागल्या," ती म्हणाली. "पर तुमच्याकडंच यायचं ठरवलं व्हतं."

मी खुर्चीत जरा ताठ बसलो. आपलं नाव पालीपर्यंत पोचलं, या विचारानं माणूस सुखावतो. मी खोटं कशाला बोलू?

तिला काय हवंय ते मी विचारलं. भरपाईबद्दल ती दोनच वाक्यं बोलली. मग म्हणाली, "गाव म्हनतंय, हिनंच हात घातला. सासू म्हनती, येडीच हाय ही, मशीन आन चूल हिला सारकीच. साहेब, पट्ट्यावर जाळी नव्हती. माज्या हातानं म्या हात घातला न्हाई. येवडं कोर्टानं लिवून द्यावं."

गिरणी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एका खोलीत तेलाचं इंजिन, तिथून रुंद चामडी पट्टा भिंतीतल्या भोकातून दुसऱ्या खोलीत येतो आणि भात भरडायचं यंत्र फिरवतो. पट्टा आणि चाक यांच्यावर लोखंडी जाळी बसवलेली असते. शेजारच्या उभ्या खांबाला दोन आकड्या असतात, त्यांत ती अडकवायची. ही बाई रिकामं पोतं यंत्राखाली धरायला गेली. पोत्याचं तोंड तिनं मनगटाला गुंडाळलं होतं, कारण सगळ्याच बाया तसं गुंडाळतात. पोत्याची कड पट्ट्यानं ओढली आणि पोत्याबरोबर हात गेला. जाळी असती तर पोतं जाळीला घासून खाली पडलं असतं. जाळी होती की नव्हती, एवढ्या एका गोष्टीवर तो दावा उभा राहणार होता किंवा पडणार होता.

त्याच संध्याकाळी गिरणीचा मालक माझ्याकडे आला. भोरात दुपारी झालेली गोष्ट चहाच्या वेळेपर्यंत विंझरला पोचते, त्यात नवल नाही. माणूस वाईट नव्हता. त्यानंच स्वतःच्या गाडीत घालून बाईला पुण्याच्या हॉस्पिटलात नेलं होतं. मी पूर्वी त्याच्या भागीदारीचा करार लिहून दिला होता, तेव्हापासून दर खंडेनवमीला यंत्राच्या पूजेचं आमंत्रण मला असायचं आणि मीही जात होतो.

"साहेब, ही केस तुमी घेऊ नका," तो म्हणाला. "तुमी आमच्या घरातलं मानूस. लई वाईट दिसंल."

आता माझा स्वभाव. आमची आई म्हणायची, याला एखादी गोष्ट करायला लावायची असेल तर 'करू नकोस' म्हणा. मी त्याला सांगितलं, "केस कुणाची घ्यायची ते मला गिरणीवाल्यानं शिकवू नये." त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्याच्या मनात काहीतरी होतं आणि ते तो गिळतोय, हे मला दिसलं, पण काय ते मी विचारलं नाही. रागात असलेला माणूस प्रश्न विचारत नाही. दुसऱ्या दिवशी बाईनं वकीलपत्रावर डावा अंगठा उठवला.

दावा दाखल झाला. मालकानं पुण्याहून वकील आणला, काळा कोट इस्त्रीचा, आवाज खर्जातला, आणि लेखी उत्तर दिलं. त्यात म्हटलं होतं की जाळी बारा महिने जागेवर असते. खंडेनवमीला पूजेपुरती काढली होती आणि त्याच संध्याकाळी पुन्हा बसवली. अपघात झाला त्यानंतर तीन दिवसांनी, द्वादशीला. बाईनं पोतं मनगटाला गुंडाळून जाळीच्या वरून हात घातला, दोष तिचा. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी पोलिसांनी पंचनामा केला, त्यात 'जाळी जागेवर आहे' असं स्वच्छ लिहिलेलं. गिरणीतली माणसं तर मालकाचीच. घटकेत सगळ्यांची पोपटपंची एक झाली.

मी ते उत्तर दोनदा वाचलं. खंडेनवमी हा शब्दही वाचला. आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळलो. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की तेव्हा मला काही आठवलं नाही. आता या वयात कुणाला फसवायचंय? आठवलं नाही असं नाही. आठवणीनं दार वाजवलं आणि मी आत कुणी नाही असं भासवलं.

बाईची उलटतपासणी झाली ती भर उन्हाळ्यात. कोर्टाच्या पंख्याचा आवाज येत होता, वारा येत नव्हता. पुण्याचे वकील उठले आणि अगदी प्रेमानं सुरुवात केली. शाळेत गेला होता का, बाई. नाही. यंत्र कसं चालतं ते माहीत आहे का. नाही. पोतं मनगटाला गुंडाळा असं कुणी सांगितलं होतं का. नाही. त्या दिवशी घाई होती का. व्हय. एकेका 'व्हय' आणि 'न्हाई'नं ते तिच्या भोवतीची माती उकरत होते आणि ऑब्जेक्शन घ्यावं असा एकही प्रश्न नव्हता, हीच त्यांची करामत.

"मग जाळी नव्हती हे तुम्ही कशावरून म्हणता?" त्यांनी विचारलं. "तुम्ही तर घाईत होता. तुमचं लक्ष पोत्याकडे होतं."

बाईनं त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"हार व्हता तितं," ती म्हणाली. "झेंडूचा. खांबाला, आकड्यांवर. सुकला व्हता. जाळी आसती तर हार तितं ऱ्हायला आसता का?"

"पूजेचे हार गिरणीत सगळीकडे असतात, बाई," वकील हसून म्हणाले, आणि खाली बसले. त्यांच्या दृष्टीनं काम फत्ते झालं होतं.

आता दार वाजवायची गरजच राहिली नव्हती, आठवण आत येऊन माझ्यासमोर बसली. त्या खंडेनवमीला मी पाचवी पूजा करून गिरणीत पोचलो होतो. त्या दिवशी वकिलाला मान असतो, छापखान्यापासून किराणा दुकानापर्यंत सगळीकडे त्याच्याकडून नारळ फोडून घेतात. यंत्र धुऊन पुसून ठेवलेलं, चाकावर स्वस्तिक काढलेलं. मालकानं हार माझ्या हातात दिला. जाळी काढून भिंतीला टेकवली होती. मी त्या खांबाला, त्या दोन आकड्यांवर हार घातला. प्रसाद खाल्ला. निघताना गिरणी चालवणारा गडी मालकाला विचारत होता, परवा एकादशीला गिरणी चालू करायची, तर हार काढून जाळी बसवू का. आणि मी, ज्याला कुणी विचारलं नव्हतं, तो मी म्हणालो, "आजच्या पूजेचा हार असा लगेच उतरवू नये. कोजागिरीपर्यंत तरी राहू द्या."

असं कुठल्याही शास्त्रात नाही. आमच्या घरी दाराचं तोरण सुकेपर्यंत काढत नसत, तेवढ्यावर मी ते ठोकून दिलं होतं. चार माणसांत दोन शब्द शहाणपणाचे बोलायची मला खोड. मालक म्हणाला, "साहेब म्हनालेत तर राहू द्या." आणि मी पुढच्या पूजेला गेलो.

म्हणजे जाळी नव्हती, हे या जगात ज्याला बोलता येईल असा एकच साक्षीदार होता आणि तो वादीचा वकील म्हणून खुर्चीवर बसला होता. वकिलाला स्वतःच्याच केसमध्ये साक्ष देता येत नाही. साक्ष द्यायची तर वकीलपत्र सोडायचं, आणि मी सोडलं तर गिरणीमालकाच्या विरोधात तिचं वकीलपत्र घेणारा भोरात कोण होता? दुपारच्या सुट्टीत बाररूममध्ये मी सहज विचारल्यासारखं दोघांना विचारून पाहिलं. एकानं मालकाशी असलेली सोयरीक सांगितली, दुसऱ्यानं दमा सांगितला.

राहिला एक. नुकतीच सनद घेतलेला तरुण वकील, वेल्ह्याकडच्याच एका गावातल्या बौद्ध कुटुंबातला, त्याच्या घराण्यात पहिलाच शिकलेला. त्याच्याकडे जामिनाच्या अर्जापलीकडे कुणी काम देत नव्हतं. मीही कधी दिलं नव्हतं, आणि का दिलं नव्हतं हे मला कुणी विचारलं असतं तर मी काहीतरी थाप मारली असती. मी त्याच्या टेबलापाशी गेलो. त्यानं कागद चाळले आणि एवढंच म्हणाला, "सर, बाईंना विचारलंत का?"

बाईला विचारलं. तिनं त्याच्याकडे पाहून मान हलवली आणि नव्या वकीलपत्रावर अंगठा दिला. मी साक्षीदार होणार, हे ऐकून तिला जराही नवल वाटलं नाही, याचं मात्र मला नवल वाटलं.

मी माझ्या साक्षीचं टिपण लिहून त्याच्याकडे दिलं. खंडेनवमीला गेलो, जाळी काढलेली होती, हार मी स्वतः घातला. एवढंच लिहिलं. त्यानं ते वाचलं, पेन्सिल कानामागे खोचली आणि विचारलं, "सर, नवमीला जाळी नव्हती, हे तर ते स्वतःच कबूल करतायत. आपल्याला द्वादशीला नव्हती हे दाखवायचंय. संध्याकाळी बसवली असं ते म्हणणार. बसवली नसेल, असं तुम्ही कशावरून म्हणता?"

"ते मालकाला उलटतपासणीत विचार," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

त्यानं टिपणाची घडी घातली. मग अगदी आदरानं म्हणाला, "मी शेवटी तुम्हाला एक मोकळा प्रश्न विचारीन. 'आणखी काही सांगायचंय का' एवढाच. उत्तर तुमच्याकडे."

मला त्याचा भयंकर राग आला. कालचं पोर मला पेचात पकडतंय. आणि रागाच्या तळाशी मला हेही कळत होतं की पोरगं माझ्यापेक्षा बरा वकील आहे.

पुढचे वीस-बावीस दिवस मी माणसात नव्हतो. गंमत अशी की मला कुणीच पकडू शकत नव्हतं. मालकाची बाजू अशी की जाळी बसवली होती. मग त्याचा वकील मला 'हार ठेवा असं तुम्हीच सांगितलंत' हे विचारणार कसा? विचारलं की जाळी नव्हती हे मान्य केल्यासारखं. मालक तोंड उघडू शकत नव्हता, त्याचे गडी उघडू शकत नव्हते. मी एकटा बोललो तरच ते वाक्य कोर्टात येणार होतं. आणि ते आलं नाही तर नवमी आणि द्वादशी यांच्यामधली जागा रिकामी राहणार होती. त्या रिकाम्या जागेत बाईचा दावा पडणार होता. बोललो, तर ज्या बाईचा हात गेला तिच्या तोंडावर, भरल्या कोर्टात, भोरच्या अख्ख्या बारसमोर कबूल करायचं होतं की हा हात जाण्यात माझाही हात आहे. बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्हाला बोलायला नेहमी फार आवडतं. आता बोला." ती पुन्हा भाजीकडे वळली.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मालकानं मला गाठलं. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"साहेब, मी अडीच वर्सं गप हाय," तो म्हणाला. "माज्या बायकोला बी बोललो न्हाई. तुमच्या शब्दावर हार ठेवला आन तुमीच माज्यावर दावा लावला. लेखी उत्तरात खोटं लिवायची माजी इच्छा न्हवती, पुन्याच्या वकिलानं लिवलं. तुमी नवमीचं सांगा, मी काय बोलत न्हाई. त्याच्या फुडं गेलात तर दोघंबी बुडू."

पहिल्यांदाच मला त्याचं काही चुकलंय असं वाटेना.

पिंजऱ्यात उभं राहिलं की कोर्ट वेगळं दिसतं. नऊ-दहा वर्षं वकिली केलेल्याला हे तेव्हा कळावं, ही शरमेची गोष्ट. कठडा कमरेला लागतो, हात कुठं ठेवावे कळत नाही. मी शपथ घेतली. बाई मागच्या बाकावर, नवरा दारात. तरुण वकिलानं शांतपणे एकेक प्रश्न विचारला. पुण्याचे वकील मध्येच उठले, म्हणाले, साक्षीदारानं पूर्वी आमच्या अशिलाचं काम केलंय, वकील म्हणून कळलेली गोष्ट त्याला सांगता येणार नाही. न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हार घालायला मी पाहुणा म्हणून गेलो होतो, वकील म्हणून नाही." न्यायाधीशांनी हरकत फेटाळली आणि लिहायला लागले. तेव्हा साक्ष न्यायाधीश स्वतःच्या हातानं लिहीत, त्यामुळे प्रत्येक वाक्यानंतर थांबावं लागे. त्या थांबण्यात निबाचा आवाज ऐकू येई.

नवमी संपली. मग त्यानं तो प्रश्न विचारला. "आणखी काही सांगायचंय का?"

मालक माझ्याकडे पाहत होता. तो मान हलवत नव्हता, विनवतही नव्हता, नुसता पाहत होता. 'नाही' हा शब्द जिभेवर तयार होता. 'नाही' म्हटलं असतं तर सगळे घरी गेलो असतो. मी बाईकडे पाहिलं. ती मांडीवरच्या उरलेल्या हातानं दुसऱ्या बाहीचं टोक घट्ट धरून बसली होती.

"होय," मी म्हणालो. "एकादशीला गिरणी सुरू करायची म्हणून गडी हार काढून जाळी बसवायला निघाला होता. मी त्याला अडवलं. हार कोजागिरीपर्यंत उतरवू नका असं मी सांगितलं. हार त्या आकड्यांवर असेपर्यंत जाळी बसत नाही. हे मला तेव्हाही दिसत होतं. मी विचार केला नाही."

न्यायाधीशांनी वर पाहिलं. मग मान खाली घालून लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं उच्चारलं, "हार उतरवू नका असे मी सांगितले." बाररूममधले पाच-सहाजण मागं उभे होते.

पुण्याचे वकील उठायच्या आत मागून आवाज आला. मालक उभा राहिला होता.

"आता बोलले," तो म्हणाला. "मी तवाच सांगनार व्हतो. साहेबांनीच सांगितलं, न्हाईतर आमी रोज जाळी लावतो. देवाचा हार, वकिलाचा शब्द, कुनाच्या बापाची हिंमत हाय काडायची? अडीच वर्सं माज्या एकट्याच्या डोक्यावर."

त्याच्या वकिलानं त्याला कोट धरून खाली ओढलं, पण बोलणं बोलून झालं होतं. न्यायाधीश म्हणाले, खाली बसा, तुमचीही साक्ष होणार आहे, तेव्हा सांगा. पुढच्या तारखेला त्यानं ती दिली. पंचनाम्याच्या आदल्या संध्याकाळी हार काढून जाळी कुणी बसवली, तेही त्यानं न विचारता सांगितलं. त्याच्या अंगावरचं ओझं इतकं उतरलं होतं की त्याचा वकील प्रश्न विचारायचंही विसरून गेला. पुढं कधीही त्यानं मला पूजेला बोलावलं नाही. पण रस्त्यात दिसला की नमस्कार करायचा.

पावसाळा सुरू झाल्यावर निकाल लागला. दावा मान्य झाला. तरुण वकिलाला तातडीनं दुसऱ्या कोर्टात जायचं होतं, म्हणून निकालाची नक्कल बाईला वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. कोर्टाच्या पायरीवर ती बसली, दोन पायऱ्या खाली तिचा नवरा. मी भरपाईचा भाग आधी वाचला. ती नुसती ऐकत होती. मग मी ते वाक्य वाचलं, की अपघाताच्या वेळी पट्ट्यावर जाळी नव्हती आणि वादीचा काही दोष नाही.

"पुन्यांदा वाचा," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो बिचारा डोळे पुसायला तोंड फिरवून बसला.

"आन तुमचं काय लिवलंय?" तिनं विचारलं.

"माझं?" मी म्हणालो. "पाहुण्यानं काहीही सांगितलं तरी यंत्राची जबाबदारी मालकाचीच असते, असं लिहिलंय. कायद्यानं माझ्यावर दोष येत नाही."

ती 'हं' म्हणाली. पदर सावरला. मग मी जे इतके दिवस बोलायचं टाळत होतो ते बोललो. म्हणालो, "बाई, माझ्याकडून फार मोठी चूक झाली. मला आधी आठवायला हवं होतं."

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

मला वाटलं, ती साक्षीच्या दिवसाबद्दल बोलतेय.

"त्याच दिवशी ठावं व्हतं, साहेब. हात जायच्या आदी म्या गड्याला म्हनलं, बाबा, पट्टा अंगावर येतोय, जाळी लाव. तो म्हनला, भोरच्या वकीलसाहेबांनी सांगितलंय, हार काडायचा न्हाई." तिनं ते अगदी साध्या आवाजात सांगितलं. "म्हून तर तीन पाट्या सोडून तुमच्याकडं आले."

"मग कोर्टात का नाही सांगितलं? मला का नाही सांगितलं?"

"तुमाला सांगितलं आसतं तर तुमी वकीलपत्र घेतलंच नसतं, आन दुसऱ्यानं बी घेतलं नसतं. कोर्टात गिरणीवाल्याची चार मानसं एका बाजूला, तितं माजा एकटीचा शब्द कोन धरतो? ज्यानं सांगितलं त्याच्याच तोंडनं यायला पायजे व्हतं. म्हून तेवडं हाराचं बोलले. म्हनलं, आता तरी आटवंल." ती उठली. नसरापूरची गाडी सुटायची वेळ झाली होती. "लई दिस लावलेत तुमी."

मी 'व्हय' म्हणालो.